आमच्या मोटारीचा पाण्याचा पंप

वार्षिकाचें काम सुरू झालें कीं संपादक मंडळांतील विद्यार्थी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभे राहतात आणि "सर, मराठी विभागासाठीं कांहीं तरी द्या" असें म्हणतात. आजवर मीं त्यांना वसंत ऋतु, वाचनाची गोडी, वेळेचा सदुपयोग अशा विषयांवरील लेख देऊन वाटेस लाविलें. यंदा मात्र त्यांपैकीं एक मुलगी जातां जातां हळूच म्हणाली, "सर, पंपाचंच लिहा ना." गांव लहान, गेल्या वर्षीं माझ्या हाताला बांधलेली पट्टी साऱ्या शाळेनें पाहिली होती, आणि तिच्यामागची हकीकत मधल्या सुट्टींत कोणी कशी रंगविली असेल तें देव जाणे. तेव्हां खरी हकीकत मींच सांगावी हें बरें. विषय साहित्याच्या दरबारांत बसण्याजोगा नाहीं, हें मी आरंभींच कबूल करितों.

आमची गाडी म्हणजे वडिलांची जुनी पद्मिनी. हल्लींच्या मुलांनीं ती बहुधा चित्रपटांतच पाहिली असेल. मुंबईस कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता, तेथें ती होत असे. इटलींतील फियाट कंपनीच्या अकराशें नमुन्यावरून १९६४ पासून हा घाट तेथें निघूं लागला. पुढें त्यास पद्मिनी हें नांव मिळालें, आणि २००० सालाच्या सुमारास तो बंद पडला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत तिला शेवटचा आसरा होता, तोहि ऑक्टोबर २०२३ मध्यें संपला. हा कारखाना काढणारे शेठ वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. आपल्या नाशिक जिल्ह्यांत, मालेगांवाजवळ रावळगांवास, साखरेचा कारखाना त्यांनींच उभारिला, आणि ज्या रावळगांवच्या गोळ्या चघळीत माझ्या वयाच्या मुलांनीं पाढे पाठ केले त्याहि तेथल्याच. म्हणजे आमची गाडी आणि आमच्या लहानपणच्या गोळ्या एकाच घरच्या, असें म्हणावयास हरकत नाहीं.

माझे वडील मनमाडच्या रेल्वे कारखान्यांत फिटर होते. पुलांच्या लोखंडी तुळया जोडणाऱ्या त्या कारखान्यांत त्यांचा जन्म गेला. १९९१ सालीं त्यांनीं ही गाडी एका गृहस्थांकडून जुनीच विकत घेतली आणि तेव्हांपासून ती दुसऱ्या कोणाच्या हातीं दिली नाहीं. शनिवारीं दुपारीं अंगणांत सतरंजी पसरून ते तिच्याखालीं शिरत. मी जवळ जाऊन पाना हातांत घेतला कीं आंतून आवाज येई, "तो ठेव जाग्यावर. तू पुस्तक धर. हीं कामं करायला मी आहे." मी पुस्तक धरिलें. मिशनच्या बोर्डिंगांत राहून शाळा संपविली, नगरच्या कॉलेजांतून पदवी घेतली, आणि गेलीं वीस वर्षें या शाळेंत गणित व शास्त्र शिकवितों आहें. वडिलांना जाऊन आतां आठ वर्षें होत आलीं. त्यांची लाकडी हत्यारपेटी माळ्यावर होती आणि गाडी अंगणांत. पेटीचें झांकण मीं कधीं उघडलें नव्हतें. गाडी मात्र चालवीत होतों.

गेल्या वर्षीं जानेवारींत अंगणांतील शहाबादी फरशीवर गाडीच्या पुढल्या भागाखालीं सकाळीं ओलावा दिसूं लागला. बॉनेट उघडून पाहिलें तों रेडिएटरमधील पाणी थोडें उतरलेलें. मीं तांब्याभर पाणी ओतलें आणि शाळेंत गेलों. दुसऱ्या दिवशीं तेंच. पुढें हा नित्यक्रमच झाला: तोंड धुवावें, चहा घ्यावा, गाडींत पाणी ओतावें. आमच्या विहिरीचें पाणी जड. त्यामुळें फरशीवर पांढरे डाग पडूं लागले. ते पडूं नयेत म्हणून मीं एक जुनें पत्र्याचें घमेलें गाडीखालीं सरकविलें आणि मोठी युक्ति केली असें मला वाटलें.

माझ्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु झाला होता. ती पुढल्या खोलींत निजते. एके सकाळीं ती म्हणाली, "गाडी रात्रभर ठिबकते रे. टप्‌ टप्‌ ऐकूं येतं मला." मीं म्हटलें, "हो आई, मी रोज पाणी घालतों ना." आठवड्यानें ती पुन्हां म्हणाली, "आतां लवकर लवकर पडतात थेंब." यावर मीं काय उत्तर दिलें तें आठवत नाहीं. बहुधा वह्या तपाशीत असेन.

मार्चमध्यें तिच्या शस्त्रक्रियेसाठीं नाशिकच्या रुग्णालयांतून तारीख मिळाली. सकाळीं नऊ वाजतां हजर राहावयाचें होतें. आम्ही सात वाजतांच निघालों. लाल कांद्याचा हंगाम संपत आला होता आणि उन्हाळ कांदा नुकता येऊं लागला होता, लिलावाचा दिवस. लासलगांवच्या बाजारसमितीकडे येणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग पाहिली नाहीं असा आपल्यांत कोणी नसेल, तेव्हां तिचें वर्णन करीत नाहीं. विंचूरपर्यंत आम्ही पायीं चालणाऱ्या माणसाच्या वेगानें गेलों. पुढें रस्ता मोकळा झाला म्हणून मीं वेग वाढविला, आणि निफाडच्या अलीकडे बॉनेटच्या फटींतून वाफ येऊं लागली. पाहतां पाहतां पुढची कांच पांढरी झाली. एका द्राक्षबागेच्या कडेला मीं गाडी थांबविली.

आतां जें मीं केलें तें विद्यार्थ्यांनीं लक्षपूर्वक वाचावें. द्रवावरील दाब वाढला असतां त्याचा उत्कलनबिंदु वाढतो, हा धडा मी दरवर्षीं शिकवितों. रेडिएटरचें झांकण घट्ट व स्प्रिंगचें असतें तें याचसाठीं: आंतील पाणी दाबाखालीं राहतें आणि शंभर अंशांच्या वर जाऊनहि उकळत नाहीं. झांकण उघडलें कीं दाब नाहींसा होतो आणि तेंच पाणी एका क्षणांत उसळून वाफ होतें. हें सर्व मला पाठ होतें; फळ्यावर मीं त्याची आकृतीहि कितीदां काढिली आहे. तरी पण घड्याळांत आठ वाजले होते, आई मागें बसली होती, आणि हातांत टॉवेल होता. मीं टॉवेल चौघडी करून झांकणावर ठेविला आणि पिरगाळलें. उजव्या हाताची कातडी मनगटापासून कोंपरापर्यंत सोलून निघाली.

बागेंतून एक शेतकरी धांवत आले. त्यांनीं मला ओढीतच नेलें आणि पाण्याच्या नळीखालीं माझा हात धरिला. मी काढूं लागलों तर सोडीनात. "राहूं द्या सर, अजून राहूं द्या," असें म्हणत पंधरा-वीस मिनिटें त्यांनीं तो तसाच धरून ठेविला. डॉक्टर पुढें म्हणाले कीं त्या थंड पाण्यामुळेंच हात वांचला. मग ते गाडीकडे गेले. इंजिन निवेपर्यंत थांबले, आंत डोकावले, पंखा दोन बोटांनीं धरून हलविला. तो मागें-पुढें डुलत होता. "वॉटर बॉडी गेली, सर," ते म्हणाले. आपल्याकडील मिस्त्री पाण्याच्या पंपास वॉटर बॉडी म्हणतात. "किती दिवस गळत होती?"

मीं आईकडे पाहिलें. ती द्राक्षाच्या मांडवाच्या सावलींत बसली होती. तिला माझा हात नीट दिसत नव्हता, आणि तें एका परीनें बरेंच होतें. ती म्हणाली, "दोन महिने. मला ऐकूं येत होतं."

नऊची वेळ टळली. रुग्णालयानें तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. गाडी त्याच शेतकऱ्यांनीं दुसऱ्या दिवशीं ट्रॅक्टरला दोर बांधून आमच्या अंगणांत आणून सोडिली आणि डिझेलचेहि पैसे घेतले नाहींत.

हात बांधून घरीं बसलों असतां या पंपाविषयीं विचार करण्यास मला भरपूर सवड मिळाली. इंजिनांत पेटणाऱ्या वायूचें तपमान दोन हजार अंशांच्या वर जातें आणि आंतले दट्टे अ‍ॅल्युमिनियमचे असतात. तें सहाशें साठ अंशांस वितळतें. तेव्हां उष्णता सतत बाहेर नेली नाहीं तर गाडी पांच-दहा मैल देखील जावयाची नाहीं. जाळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकीं ढोबळ मानानें एक-तृतीयांश पाणी वाहून नेतें आणि रेडिएटरच्या जाळींतून वाऱ्यावर सोडून देतें. आरंभींच्या मोटारींत ही व्यवस्था अगदीं साधी होती. १८८६ सालीं कार्ल बेंझ यानें पेटंट घेतलेल्या मोटारींत पाणी नुसतें वाफ होऊन उडून जाई आणि वरून नवें घालावें लागे. हेन्री फोर्डच्या १९०८ सालच्या प्रसिद्ध टी गाडीला प्रथम पंप होता. पण सुमारें अडीच हजार गाड्या झाल्यावर त्यानें तो काढून टाकिला. न्हाणीघरांतल्या तांब्याच्या बंबांत ऊन पाणी वर आणि थंड पाणी तळाशीं राहतें ना? त्याच न्यायानें इंजिनांतील तापलेलें पाणी आपोआप वर चढून रेडिएटरांत जाईल आणि निवलेलें खालून परत येईल, असा त्याचा हिशेब होता, व तो पुष्कळ वर्षें चालला. पण इंजिनांची शक्ति वाढली तशी ही संथ रहदारी पुरेना, आणि पंप कायमचा आला. आज विजेवर चालणाऱ्या पुष्कळ गाड्यांतहि बॅटरी निववावयास लहानसा पंप असतोच.

हा पंप म्हणजे काय, हें आपल्या भागांतील मुलांना सांगावयाची गरज नाहीं. आपल्या विहिरीवरचा पंप तोच हा. १९१० सालीं वसलेल्या किर्लोस्करवाडीहून जे पंप महाराष्ट्राच्या शेतांत गेले त्यांच्या पोटांत जी पात्यांची चकती असते, तीच येथें तळहाताएवढी होऊन बसलेली असते. चकती फिरली कीं पाणी मध्यापासून कडेकडे फेंकलें जातें आणि मध्यें नवें ओढलें जातें. पद्मिनींत ती फिरविण्यास निराळी मोटार नाहीं. इंजिनाच्या पुढल्या टोंकाशीं असलेल्या पुलीवरून रबरी पट्टा येतो व पंपाचा दांडा फिरवितो, आणि त्याच दांड्याच्या पुढल्या तोंडावर पंखा बसविलेला असतो. दांडा बेअरिंगांत फिरतो. बेअरिंगाकडे पाणी जाऊं नये म्हणून मध्यें एक सील असतें.

आणि या सील व बेअरिंग यांच्यामध्यें, पंपाच्या अंगाला खालच्या बाजूनें, एक बारीक छिद्र असतें. मी प्रथम तें पाहिलें तेव्हां ओतकामांतील दोष समजलों. तें मुद्दाम ठेविलेलें असतें. सील झिजूं लागलें कीं पाणी बेअरिंगांत न शिरतां त्या छिद्रावाटें बाहेर ठिबकतें. पंप मोडण्याच्या पुष्कळ आधीं त्यानें मालकाला सांगावें, यासाठीं करणाऱ्यानें त्यास दिलेलें तें तोंड आहे. आमच्या पंपानें दोन महिने सांगितलें. मीं वरून पाणी घातलें आणि खालीं घमेलें ठेविलें. पुढें पाणी बेअरिंगांत शिरलें, बेअरिंग खिळखिळें झालें, पंखा डुलूं लागला, आणि मग तें सर्व झालें जें वर सांगितलें आहे.

गांवांतील एक-दोन गॅरेजांत विचारिलें. त्यांच्याकडे नव्या गाड्यांची गर्दी होती, आणि पद्मिनीस हात लावणारे वृद्ध कारागीर हंगामांत ट्रॅक्टर सोडून येईनात. त्यांचेंहि बरोबर आहे. कांद्याचा ट्रॅक्टर थांबला तर घर थांबतें. नवा पंप नाशिकला जुन्या सुट्या भागांच्या एका दुकानांत मिळाला. तेव्हां एका शनिवारीं, हाताची पट्टी सुटल्यावर, मीं माळ्यावरून वडिलांची पेटी खालीं काढिली.

पेटींत पाने आकाराप्रमाणें लाविलेले होते आणि त्यांवर तेलाचा पुसट हात होता. तळाशीं एक वही सांपडली. गाडीला काय केव्हां केलें त्याची ती टिपणवही होती. वडिलांचें शिक्षण सातवीपर्यंतचें. अक्षर मोठें व सरळ. १९९८ च्या एका पानावर पंपाची आकृति होती, आणि खालीं लिहिलें होतें: "पंप बदलला. रेडिएटर आधीं काढावा, हात चांगला जातो. बोल्ट पहिल्यानें हातानें लावावे, मग समोरासमोरचे आवळावे. घाई करूं नये." तें वाचून मी कांहीं वेळ पेटीजवळच बसून राहिलों. ज्या शनिवारीं तें लिहिलें तेव्हां मी अठरा वर्षांचा होतों आणि परीक्षेचा अभ्यास करीत असलों पाहिजे.

येथें थोडें विषयांतर. मास्तरानें हातांत पाना घेतला याचें आमच्या आळींत पुष्कळांना नवल वाटलें. पण नाशिकजवळच्या शरणपुरांत गुलामगिरींतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांना एकोणिसाव्या शतकांत मिशनच्या शाळेंत अक्षरांबरोबर सुतारकाम व लोहारकामहि शिकवीत, आणि त्यांपैकीं कांहीं तरुण १८६६ सालीं डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर आफ्रिकेच्या सफरीवर गेले. त्या शाळेंतून पाना केव्हां गेला आणि नुसता खडू केव्हां उरला, याचा शोध कोणी तरी घ्यावा. असो.

काम वहीप्रमाणें सुरू केलें. बॅटरीची एक तार काढिली. रेडिएटरची खालची तोटी सोडून तांबूस पाणी घमेल्यांत घेतलें (घमेल्याचा हा पहिलाच योग्य उपयोग). वरची व खालची रबरी नळी काढिली. रेडिएटर उचलून माझ्या मुलीच्या हातांत दिला. ती आठवींत आहे व तिनें तो बाळासारखा दोन्ही हातांनीं नेऊन ओट्यावर ठेविला. पट्टा सैल केला, पंखा काढिला. येथपर्यंत सर्व इतकें सुरळीत चाललें कीं मला आपल्या बुद्धीचें कौतुक वाटूं लागलें. पंपाचे बोल्ट सोडतांना शेवटचा, खालच्या कोंपऱ्यांतला, हलेना. मीं पान्याला पाइप लावून जोर केला. 'कट्' असा आवाज आला आणि बोल्टाचें डोकें पान्यासकट माझ्या हातांत आलें. घाई करूं नये, असें वहींत लिहिलेलें होतेंच.

दिवेलागणीला मी विहिरींच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेलों. ते म्हणाले, "मला तर नाहीं जमायचं सर, दोन पंप उद्यां सकाळीं द्यायचेत. पोराला पाठवतों. हात चांगला आहे त्याचा." असें म्हणून त्यांनीं आंत हांक मारिली. आंतून तेलकट हात पुशीत जो मुलगा बाहेर आला त्याला पाहून मी, आणि मला पाहून तो, दोघेहि गप्प झालों. तो माझ्या नववीच्या वर्गांतला होता. शेवटच्या बांकावर बसून रोज तिसऱ्या तासाला झोंपी जाई. सप्टेंबरांत मीं त्याला रागें भरलों, दिवाळीनंतर तासभर उभें केलें, फेब्रुवारींत त्याच्या वहींत लाल शाईनें पालकांस चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीवर सही होऊन आली नाहीं, म्हणून आणखी एक लिहिली.

वाटेंत मीं त्यास विचारिलें, "किती वाजेपर्यंत असतोस येथें?"

"दहा वाजत्यात सर. कधीं अकरा."

"आणि वडील?"

"गोण्या उचलतांना पाठींत लचक भरली, गणपतीच्या आधीं. उठत्यात, पण वजन नाहीं उचलत." मग थोड्या वेळानें, "चिठ्ठी मीच नाहीं दाखवली. त्यांना वाचून वाईट वाटलं असतं."

मी त्यावर कांहीं बोललों नाहीं. सप्टेंबर ते मार्च, सहा महिने. आईला दोनच महिने ऐकूं येत होतें. येथें तर मला रोज डोळ्यांनीं दिसत होतें, आणि मीं लाल शाईचें घमेलें खालीं सरकवून ठेविलें होतें.

त्यानें विजेरीच्या उजेडांत पाहिलें आणि प्रथम लांकडी मोगरीनें पंपाला चहूं बाजूंनीं हलके ठोके दिले. पंप सुटून आला. तुटलेल्या बोल्टाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा इंजिनांतून बाहेर डोकावत राहिला. मीं लगेच पकड उचलली. "नको सर, आतां पिळूं नका. आंत तुटंल," तो म्हणाला. त्यानें बोल्टाच्या मुळाशीं डिझेलचे थेंब सोडिले, वरून हलके ठोके दिले, पुन्हां थेंब सोडिले आणि हात पुसले. "रात्रभर पिऊं द्या त्याला. उद्यां बघूं."

दुसऱ्या दिवशीं रविवार. उपासना आटोपून मी परत आलों तों तो अंगणांत येऊन बसला होता आणि आई त्याला पोहे देत होती. जेवणानंतर त्यानें बोल्ट पकडींत धरिला. मला वाटलें आतां जोर करील. त्यानें तो उलट, म्हणजे आवळण्याच्या दिशेनें, किंचित हलविला, मग सोडण्याच्या दिशेनें, पुन्हां आवळण्याच्या. दर वेळीं केसभर. गंज आट्यांतून भुकटी होऊन बाहेर पडूं लागला. सुमारें अर्ध्या तासानें तो अख्खा तुकडा त्याच्या तळहातावर होता. त्यानें तो माझ्या मुलीला दिला. अजून तिच्या कंपासपेटींत आहे.

जुनें पॅकिंग खरवडण्याचें काम मीं मागून घेतलें. तें कागदी असतें, वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें लोखंडाशीं एकजीव होतें, आणि बोथट पात्यानें खरडून काढावें लागतें. तीक्ष्ण पात्यानें खरडलें तर पृष्ठभागावर चरे पडून पुढें तेथूनच पाणी गळतें. हें किचकट काम आहे. नवें पॅकिंग, नवा पंप, नवे बोल्ट. प्रथम सगळे हातानें, मग समोरासमोरचे थोडे थोडे. पंखा, पट्टा, रेडिएटर, नळ्या. पट्टा अंगठ्यानें दाबला असतां बोटभर लवावा. फार ताणला तर नव्या बेअरिंगावर भार येतो. पाणी घालून, झांकण उघडें ठेवून, गाडी सुरू केली. आंतली हवा बुडबुड्यांनीं निघून गेली.

आणि पांच मिनिटांनीं पंपाच्या डाव्या कडेहून थेंब पडला. छिद्रांतून नव्हे, पॅकिंगच्या कडेनें. मुलानें माझ्याकडे पाहिलें. मीं जेथें खरवडलें होतें तेथलाच तो भाग होता. नखाएवढा जुना कागद तेथें राहिला होता. गणिताच्या वहींत अशी चूक सांपडली कीं मी बाजूस काट मारितों. त्यानें कांहीं मारिलें नाहीं. "परत काढूं सर, आतां सोपं जाईल," एवढेंच म्हणाला. इंजिन निवेपर्यंत थांबून आम्ही सर्व पुन्हां काढिलें आणि पुन्हां लाविलें. दुसऱ्या वेळीं खरवडण्याचें काम त्यानें स्वतः केलें. मला दिलें नाहीं. रात्रीं साडेआठला गाडी अर्धा तास चालविली. घमेलें खालीं ठेवून पाहिलें. कोरडें राहिलें.

त्याच आठवड्यांत मी त्याच्या घरीं गेलों. पालकांनीं हें वाचतांना उगाच कांहीं कल्पना करूं नये: मीं तेथें फार कांहीं केलें नाहीं. चहा घेतला, वडिलांच्या पाठीची चौकशी केली, आणि लाल शाईच्या चिठ्ठ्यांविषयीं अवाक्षर काढिलें नाहीं. मुलाची आई म्हणाली, "शाळा सोडतों म्हणतो." मिस्त्रींशीं बोललों, त्यांनीं परीक्षेपर्यंत आठ वाजतां सोडण्याचें कबूल केलें आणि पगार कापला नाहीं. मुख्याध्यापकांनीं त्याला पहिल्या तासास उशीरा येण्याची परवानगी दिली. तो नववी उत्तीर्ण झाला, काठावर. यंदा दहावींत आहे. गणितांत अजून कच्चा आहे आणि अधूनमधून झोंपतोहि. पण आतां तो डुलूं लागला कीं मी तास संपल्यावर त्याला थांबवून आधीं विचारितों, काल किती वाजले म्हणून.

एप्रिलांत आम्ही आईला घेऊन पुन्हां नाशिकला निघालों. निफाडच्या अलीकडे त्या द्राक्षबागेशीं थांबलों. शेतकरी बाहेर आले, वांकून गाडीखालीं पाहिलें, मान हलविली, आणि आमच्या हातीं द्राक्षांचा पुडा दिला. बागेंतला माल संपला होता, हे घरासाठीं राखून ठेविलेले घड होते. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. तिसऱ्या दिवशीं डोळ्यावरची पट्टी काढून काळा चष्मा लाविलेली आई अंगणांत आली, गाडीभोंवतीं एक फेरी घातली, आणि म्हणाली, "अरे, ही गाडी इतकी मळलेली होती होय? तुझे बाबा दर शनिवारीं धूत."